सहा भागांत संपणारे हसू: ब्रिटिश विनोदी मालिका काही महिने पाहिल्यानंतर

बीबीसी आणि चॅनल ४ यांच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील विनोदी मालिका आमच्या घरी थंडीच्या तोंडाशी सुरू झाल्या आणि उन्हाळा आला तरी संपल्या नाहीत, कारण बहुतेक मालिका आम्ही दोघांनी दुसऱ्यांदाही पाहिल्या. हे परीक्षण त्या दुसऱ्या पाहण्यावर आधारलेले आहे. पहिल्या वेळी कोणतीही बरी मालिका हसवते. पुढचे वाक्य पाठ असूनही जी बघवते, तिच्यासाठी वेळ आणि पैसे खर्च करण्यात अर्थ आहे. या कसोटीवर माझे मत असे झाले आहे, की चटपटीत संवादांवर उभ्या असलेल्या मालिका लवकर शिळ्या होतात, आणि माणसाचे अवघडलेपण, त्याची लहानशी नोकरी आणि ती टिकवताना होणारी त्याची फरफट यांवर उभ्या असलेल्या मालिका मुरत जातात.

आधी व्यवहाराचे सांगते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना बीबीसीच्या आयप्लेयर या ॲपवर काहीही बघायचे असेल तर टीव्ही लायसन्स घ्यावे लागते. २०२५-२६ साठी त्याचे शुल्क १७४.५० पौंड होते. त्या बदल्यात जाहिराती नसतात, हे मोठे सुख आहे. चॅनल ४ च्या मालिका त्यांच्या ॲपवर फुकट दिसतात, पण जाहिरातींसह, आणि विनोदाच्या ऐन भरात सोफ्याची जाहिरात आली की रंगाचा बेरंग होतो. भारतातून बघणाऱ्यांना ‘फ्लीबॅग’ प्राइम व्हिडिओवर आणि ‘डेरी गर्ल्स’ नेटफ्लिक्सवर मिळते. बाकीच्यांचे हक्क इकडून तिकडे फिरत असतात, त्यामुळे वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी हवी ती मालिका तिथे आहे ना, हे पाहून घ्यावे.

या मालिकांचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्या थांबतात. सत्तरच्या दशकातील ‘फॉल्टी टॉवर्स’चे सगळे मिळून बारा भाग आहेत, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे, आणि पुढच्या पिढीने तोच शिरस्ता पाळला. ‘फ्लीबॅग’ बारा भागांत संपते. ‘द ऑफिस’ची मूळ ब्रिटिश मालिका बीबीसी टूवर जुलै २००१ मध्ये सुरू झाली आणि सहा-सहा भागांची दोन पर्वे व २००३ च्या नाताळातील दोन विशेष भाग एवढ्यावर आटोपली, तिची अमेरिकी आवृत्ती २०१ भाग चालली. कारण सरळ आहे. इकडे बहुधा एक किंवा दोन लेखक सगळे भाग स्वतः लिहितात, आणि दोन माणसांच्या हातून वर्षाला सहा भाग चांगले उतरतात, बावीस उतरत नाहीत. बघणाऱ्याला याचा फायदा असा, की मालिका शनिवार-रविवारमध्ये संपते आणि कंटाळा यायच्या आत ती पुन्हा लावावीशी वाटते.

‘द ऑफिस’ पहिल्यांदा पाहताना मला ती सहन झाली नव्हती, हे इथे नोंदवायला हवे, कारण पुष्कळ जण दुसऱ्या भागातच ती सोडून देतात. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाव गावातील कागद विकणाऱ्या कंपनीची ही एक शाखा. तिथला व्यवस्थापक डेव्हिड ब्रेंट स्वतःला फार विनोदी समजतो. पहिल्याच भागात, नव्याने आलेल्या मुलावर छाप पाडण्यासाठी तो रिसेप्शनवरच्या डॉनवर स्टिकी नोट्स चोरल्याचा आळ घेतो आणि तिला नोकरीवरून काढल्याचे खोटेच सांगतो. ती रडू लागते. ब्रेंट गंमत होती असे सांगतो, पण हसायला कोणी तयार नसते, आणि कॅमेरा तिथून हलत नाही. मागे हास्याचा आवाज नाही, संगीत नाही, केवळ तो मुलगा कुठे बघावे ते न कळून बसलेला. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी हा प्रसंग लिहिताना आपल्याला सुटकेची एकही वाट ठेवलेली नाही.

दुसऱ्यांदा पाहताना मात्र ब्रेंटकडे लक्ष कमी जाते आणि बाजूच्या गोष्टी दिसू लागतात. दोन प्रसंगांच्या मधे मान खाली घालून टंकत बसलेली माणसे, कागद ओकत राहणारे फोटोकॉपी मशीन, दुपारी तीनच्या सुमाराला कचेरीवर पसरणारी ती ओळखीची मरगळ. माहितीपटाचे चित्रीकरण चालू आहे अशी या मालिकेची बतावणी असल्यामुळे प्रत्येक पात्राला आपण पाहिले जात असल्याचे भान आहे, आणि त्याचा उपयोग दुसऱ्या पर्वाच्या शेवटी कसा केला आहे ते पाहण्यासारखे आहे: डॉनवर मनातून जीव असलेला तिचा सहकारी टिम तिच्याशी मनातले बोलायला जातो, तेव्हा कॉलरचा माइक काढून टाकतो, आणि काचेपलीकडे जे बोलणे होते ते आपल्याला ऐकू येत नाही. त्याच भागात, एरवी एक क्षण गप्प न बसणारा ब्रेंट नोकरी जाऊ नये म्हणून वरिष्ठांपुढे गयावया करतो. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत वाढदिवसाच्या केकभोवती भाषण करणारे साहेब ज्यांनी सोसले आहेत, त्यांना हा माणूस परका वाटणार नाही. जाता जाता सांगते, सुरुवातीच्या श्रेयनामावलीत दिसणारे स्लावचे ते कळकट बसस्थानक आता पाडलेले आहे.

याच मालिकेत गॅरेथचे काम करणाऱ्या मॅकेन्झी क्रूकने पुढे ‘डिटेक्टरिस्ट्स’ लिहिली आणि दिग्दर्शित केली, आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतील ही सर्वोत्तम ब्रिटिश विनोदी मालिका आहे. बीबीसी फोरवर २०१४ मध्ये ती सुरू झाली. २०१७ पर्यंत तीन पर्वे झाली आणि २०२२ च्या नाताळात एक दीर्घ भाग आला. कथानक विचाराल तर दोन मध्यमवयीन माणसे, अँडी आणि लान्स, धातुशोधक यंत्र घेऊन शेतातून चालत असतात. गोष्ट एसेक्समध्ये घडते, चित्रीकरण शेजारच्या सफोकमध्ये झाले आहे. यंत्र वाजते, गुडघ्यावर बसून माती उकरली जाते, आणि हाती लागते ते शीतपेयाच्या डब्याचे जुने झाकण. मग ते झाकण कोणत्या पेयाचे आणि कोणत्या सालचे, यावर दोघे पुराणवस्तूसंशोधकाच्या गांभीर्याने मत देतात. दुपारी झाडाखाली बसून चहा पिताना आदल्या रात्रीच्या टीव्हीवरील प्रश्नमंजूषेची उजळणी होते. एवढेच.

पहिल्या खेपेला आम्हाला दर भागाच्या मध्यावर, आता काहीतरी घडेल, असे वाटत राहिले. काही घडत नाही असे नव्हे. लान्सचे पूर्वीच्या बायकोमागे अजूनही ओढले जाणे, अँडीचे पदवीच्या अभ्यासात रेंगाळणे, प्रतिस्पर्धी शोधकांच्या जोडीशी चाललेले बालिश वैर, हे सर्व आहे. मात्र या मालिकेचा खरा खेळ जमिनीच्या वर आणि जमिनीच्या खाली असा चालतो. पायाखाली काय आहे ते प्रेक्षकाला अधूनमधून दाखवले जाते, आणि ही दोन माणसे त्यावरून चालत पुढे निघून जातात. हे एकदा कळल्यावर पुन्हा पाहताना साधे शेतातले चालणेही हसू आणते आणि घशाशी आवंढाही आणते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार ठरावीक प्रकारचे सोने-चांदी सापडल्यास ते कळवावे लागते, त्यावर चौकशी बसते आणि मोबदला ठरतो. हा रूक्ष भागही क्रूकने गोष्टीत बेमालूम मिसळला आहे. शिवाय ही मालिका घरातील ज्येष्ठांसमवेत निर्धास्त बघता येते, जे या यादीतील फार थोड्यांबद्दल म्हणता येईल.

राजकारणावरील दोन मालिका शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन काळांतला फरक चांगला कळतो. ‘येस मिनिस्टर’ १९८० ची, म्हणजे आमच्या यादीत वडीलधारी. मराठी प्रेक्षकांपैकी अनेकांना तिची ओळख २००१ मध्ये फारुख शेख यांच्या ‘जी मंत्रीजी’मुळे झाली असेल. तिच्यातला रुग्णालयाचा भाग आजही धारदार आहे: पाचशे प्रशासकीय व इतर कर्मचारी असलेले, चकचकीत, एकही रुग्ण नसलेले रुग्णालय, आणि ते सर्वांत उत्तम चालणाऱ्या रुग्णालयांपैकी एक आहे असे मंत्र्याला तर्कशुद्धपणे पटवून देणारे त्याच्या खात्याचे सचिव सर हम्फ्री. हम्फ्रींची लांबलचक वाक्ये पुन्हा ऐकायला मजा येते, कारण त्यांतून हवे ते साधले जाते. प्रेक्षकांच्या हास्याचा आवाज मात्र आता खटकतो.

‘द थिक ऑफ इट’ २००५ ते २०१२ या काळातली. अर्मांडो इयानुची यांच्या या मालिकेत पहिल्याच भागात मंत्री पत्रकारांपुढे धोरण जाहीर करायला निघतो, वाटेत वरून ते धोरण रद्द झाल्याचे कळते, आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसून दोन सहायकांसह तो नवे धोरण शोधू लागतो. पंतप्रधानांचा माध्यमप्रमुख माल्कम टकर याच्या शिव्या जगप्रसिद्ध आहेत, आणि पीटर कपाल्डी त्या गायकाने तान घ्यावी तशा घेतो. परंतु सलग तीन भाग पाहिले की कान किटतात, आणि दुसऱ्या खेपेला शिव्यांतली गंमत अर्ध्यावर येते. टिकते ते त्याखालचे भय: इथे कोणालाच काही करायचे नाही, केवळ उद्याच्या वर्तमानपत्रातील बदनामीपासून स्वतःला वाचवायचे आहे. चौथ्या पर्वातला चौकशी समितीसमोरचा तासाभराचा भाग, जिथे सर्वांना सभ्य भाषेत बोलावे लागते, तो मला सर्वांत भेदक वाटला.

‘द आयटी क्राउड’बद्दल फार लिहीत नाही. तळघरातल्या तांत्रिक विभागाची ही गोष्ट आपल्याकडच्या संगणकवाल्यांत लोकप्रिय आहे, संगणक बंद करून पुन्हा चालू करण्याचा तिचा सल्ला तर म्हणीसारखा झाला आहे, पण दुसऱ्यांदा आम्ही पहिले पर्वही पूर्ण केले नाही. ‘पीप शो’ त्याहून पुष्कळ सरस. क्रॉयडनच्या सदनिकेत राहणारे दोन मित्र, प्रसंग नेहमी कोणाच्या तरी डोळ्यांतून दिसणारा, आणि मनातले बोलणे उघड ऐकू येणारे. त्या कॅमेऱ्याने पहिल्या एक-दोन भागांत गरगरल्यासारखे होते. नंतर सवय होते. २००३ ते २०१५ या काळात नऊ पर्वे, ५४ भाग, म्हणजे इथल्या मानाने जरा लांबलेच, आणि उत्तरार्धात ते जाणवते. तरी त्या दोघांपैकी मार्कच्या मनातला तो सतत हिशेब मांडणारा, स्वतःची कीव करणारा आवाज विसरता येत नाही.

‘फ्लीबॅग’मध्ये फीबी वॉलर-ब्रिज संवाद तोडून आपल्याकडे वळून बोलते. पहिल्या पर्वात ही केवळ शैली वाटते. दुसऱ्या पर्वात पाद्री तिला विचारतो, की आता मध्येच तू कुठे गेली होतीस, आणि इतका वेळ आपल्याला विश्वासात घेणारी ही बाई खरे म्हणजे समोरच्यांपासून पळत होती, हे लक्षात येते. तिथे मालिकेने स्वतःच्याच युक्तीला जाब विचारला आहे. ही मालिका आईवडिलांबरोबर बघू नये, एवढे सांगून पुढे जाते.

लिसा मॅक्गी यांच्या ‘डेरी गर्ल्स’साठी थोडी तयारी हवी. नव्वदच्या दशकातील उत्तर आयर्लंड, कॅथलिक मुलींची शाळा, रस्त्यावर ब्रिटिश सैनिक. तिथली बोली आम्हाला सबटायटल्सशिवाय समजली नाही, आणि एका सेवेवर ती सबटायटल्स संवादाच्या मागे पडत असल्यामुळे पहिले दोन भाग वाया गेल्यासारखे झाले. दुसरीकडे पाहिल्यावर फरक कळला. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांना एकत्र आणून त्यांच्यातील साम्ये आणि भेद फळ्यांवर लिहायला सांगतात. भेदांचा फळा भराभर भरतो, त्यात प्रॉटेस्टंट लोक टोस्टर कपाटात ठेवतात हेही येते, आणि साम्यांचा फळा कोराच राहतो. भेदांचा तो फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात ठेवला गेला. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष थांबवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता कराराची थोडीशी माहिती करून घेतली तर शेवटचा भाग अधिक भिडतो.

आपल्या लोकांसाठी ‘गुडनेस ग्रेशस मी’ची शिफारस वेगळी करते. १९९८ पासून बीबीसी टूवर आलेल्या या स्किटच्या कार्यक्रमात मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया असे चौघे आहेत. त्यातले इंग्रजी जेवणाला निघालेल्या भारतीयांचे स्किट विशेष: वेटरचे साधे इंग्रजी नाव मुद्दाम वेडेवाकडे उच्चारणे, आणि मेन्यूतला सर्वांत अळणी पदार्थ मागणे. ब्रिटनमधल्या करी हाउसमध्ये, म्हणजे भारतीय जेवणाच्या हॉटेलात, शुक्रवारी रात्री इंग्रज गिऱ्हाइकांचे जे चालते ते उलटे करून दाखवले आहे, आणि इथे राहिल्यावर त्याची चव अधिक कळते. बाकीची काही स्किटे जुनी झाली आहेत. ती पुढे ढकलावीत.

तक्रारी दोन. इथले विनोद सुपरमार्केटच्या नावावरून माणसाची ऐपत ओळखण्यावर, कोणत्या शहराचे हेल आहेत त्यावर, विस्मरणात गेलेल्या टीव्ही निवेदकांवर इतके अवलंबून असतात, की नवख्याला दर भागात काही हुकतेच. दुसरे म्हणजे शिव्या. त्या बोलीचा भाग म्हणून येतात, आणि मुले आसपास असताना आवाज कमी करायला रिमोट हाताशी ठेवावा लागतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘डिटेक्टरिस्ट्स’ आधी बघावी, मग ‘डेरी गर्ल्स’, आणि ‘द ऑफिस’ला निदान चार भागांची मुदत द्यावी. ‘द थिक ऑफ इट’ आठवड्याला एक भाग या मात्रेत घ्यावी. आमचे टीव्ही लायसन्स आम्ही पुन्हा भरले आहे. चॅनल ४ ला जाहिराती टाळण्यासाठी वेगळे पैसे देण्याइतके मात्र तिथे पुन्हा पाहण्यासारखे आमच्यासाठी उरलेले नाही.