घेणं, विकणं आणि चार तऱ्हेची चिनी: ऑनलाइन ट्यूटरांकडे 14 महिने शिकल्यानंतर

चीनच्या सिच्वान प्रांतातल्या चेंगदू शहरातल्या लोकांबरोबर रोज काम असल्यामुळे मी चिनी शिकायला घेतली. मीटिंग पुतोंगह्वात, म्हणजे प्रमाण मँडरिनमध्ये चालायची. पण कुणी माईक बंद करायला विसरलं की त्यांचं आपापसातलं बोलणं कानावर पडायचं आणि त्यातलं अक्षरही कळायचं नाही. तेव्हाच ठरवलं, आधी प्रमाण भाषा आणि मग यांची घरची. पहिले आठ महिने नुसती मँडरिन, पुढचे तीन सिच्वानी आणि शेवटचे तीन कँटोनीज, म्हणजे ग्वांगझू-हाँगकाँगकडची चिनी. एकूण पाच ट्यूटर केले.

मँडरिनसाठी ट्यूटरवाचून अडतं असं नाही. पुस्तकं आहेत, ॲप आहेत, 1958 पासून पिनयिन, म्हणजे मँडरिनचे उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, आहे. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या मागे असलेल्या 2021 च्या मानकात तर नऊ पातळ्या आणि 11,092 शब्द मोजून दिलेले आहेत. शब्द आणि लिपी मी एकटीनेच केली. ट्यूटरचे तास ठेवले ते फक्त तोंडासाठी आणि कानासाठी. पैसे आणि वेळ दोन्ही सत्कारणी लागले ते यामुळेच.

मराठी बोलणाऱ्याला इथे काही गोष्टी आयत्या मिळतात, आणि त्या मला कुठल्याच पुस्तकात सापडल्या नव्हत्या. पिनयिनमधला 'बी' हा ब नव्हेच, तो आपला प. आणि 'पी' म्हणजे फळातला फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. बीजिंगचा खरा उच्चार पेइचिंगच्या जवळ जातो तो म्हणूनच. शिवाय चाकातला च आणि चंद्रातला च आपण लहानपणापासून वेगळे म्हणतो, आणि मँडरिनलाही हे दोन्ही च वेगळे लागतात. जीभ मागे वळवून म्हणायचा तिसरा च तेवढा नव्याने बसवावा लागला.

टोनच्या, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढउताराच्या, बाबतीत मात्र आयतं काहीच नाही. मँडरिनमध्ये ते चार. 'माइ' हा शब्द घ्या. तिसऱ्या टोनमध्ये, आवाज खाली नेऊन म्हटला तर विकत घेणं. चौथ्यात, वरून झटकन खाली पाडला तर विकणं. पुस्तकातल्या आकृतीत तिसरा टोन खाली जाऊन परत वर येतो, म्हणून मी दर वेळी तो हेलकावा पूर्ण घ्यायचे. पहिल्या ट्यूटरने पाच महिने 'छान, छान' म्हणत ते चालवून घेतलं. दुसरीने पहिल्याच तासाला थांबवलं. वाक्याच्या मध्ये हा टोन सहसा वर येतच नाही, खालीच बसून राहतो. (दोन तिसरे टोन लागोपाठ आले तर त्यातल्या पहिल्याचा उच्चार दुसऱ्या टोनसारखा होतो, ते वेगळं.) हे तिने बोलून सांगितलं नाही. 'वो' म्हणजे 'मी' म्हणताना तिने तळहात कॅमेऱ्याच्या चौकटीच्या अगदी तळाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. माझा आवाज वर गेला की हात तसाच खाली, मी नीट म्हणेपर्यंत. दोन महिने आमचा निम्मा तास त्या हाताकडे बघण्यात गेला. त्या बाईंचं ऋण मी विसरणार नाही.

मग सिच्वानी. ही मँडरिनचीच नैर्ऋत्येकडची शाखा, तेव्हा महिनाभरात जमेल अशी माझी समजूत होती. ती पार चुकली. चेंगदूतही टोन चारच आहेत, पण त्यांच्या चाली बदललेल्या. तिथे तिसरा टोन वरून खाली पडतो आणि चौथा खाली जाऊन वर चढतो. म्हणजे चेंगदूचं 'घेणं' मँडरिनवर पोसलेल्या माझ्या कानाला 'विकणं' ऐकू यायचं, आणि विकणं घेण्यासारखं! काही शब्दांत न आणि ल एकच होतात, त्यामुळे हनान प्रांत आणि हलान, म्हणजे नेदरलँड्स, यांत फरकच उरत नाही.

यातलं काहीही माझ्या ट्यूटरला शब्दांत सांगता येत नव्हतं. 'आम्ही असंच बोलतो' एवढंच तिचं उत्तर. तो तिचा दोष नाही. शाळा पुतोंगह्वात झाली, घरची भाषा कुणी शिकवलेली नाही. मी चार टोनचे चार रकाने करून प्रत्येकात दहा शब्द लिहिले, ते तिच्याकडून म्हणवून घेतले आणि ते रेकॉर्डिंग रात्री पुन्हा पुन्हा ऐकलं. तिसऱ्या दिवशी नियम हाती लागला. बोलीसाठी ट्यूटर हेच पुस्तक असतं, ते उघडायचं कसं हे आपल्याला यावं लागतं. पुढे एकदा मीटिंगमध्ये मी सहज 'याओते', म्हणजे 'चालेल', म्हटलं आणि दहा मिनिटं कामाचं बोलणं बाजूलाच राहिलं.

तक्रार आहे ती ज्या संकेतस्थळावरून हे तास घेतले त्याबद्दल. तिथे 'चिनी' हा एकच रकाना. सिच्वानी, कँटोनीज, हक्का सगळं ट्यूटरच्या परिचयात शोधत बसायचं. एकाने कँटोनीज 'मातृभाषा' म्हणून लिहिली होती, पण दुसऱ्याच तासाला तो साध्या शब्दांसाठी अडखळायला लागला. ज्यांच्याकडे दहा तासांचा संच आगाऊ घेतला होता, ते ट्यूटर मध्येच सोडून गेले आणि उरलेले तीन तास मुदत संपली म्हणून बुडाले. संच घेऊच नका. आणि पहिल्या तासाला एकच विचारा: तुम्ही आईशी कोणत्या भाषेत बोलता?

कँटोनीजची आताची ट्यूटर ग्वांगझूची आहे आणि तिच्यासाठी मी बाकी सगळं सोडायला तयार आहे. मोजायला टोन सहा, 1993 मध्ये ठरलेल्या ज्युटपिंगमध्ये, म्हणजे कँटोनीज रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, ते आकड्यांनी लिहितात, त्यामुळे वहीत गोंधळ होत नाही. कठीण आहेत ते शब्दाच्या शेवटचे प, त आणि क. मँडरिनमधून ते गेले, इथे टिकले. 'साप' म्हणजे दहा: ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात, प फुटत नाही. 'सात' म्हणजे भरीव: जीभ दातांमागे टेकते आणि तिथेच थांबते. नुसत्या आवाजावर मला दोन्ही सारखेच वाटायचे. तिने कॅमेरा तोंडाजवळ ओढला आणि वीस वेळा म्हणून दाखवलं. फरक मला आधी दिसला, मग ऐकू आला. 'तो', 'आहे', 'नाही' इतके साधे शब्दसुद्धा इथे निराळे, त्यांची लिपीचिन्हंही निराळी. हिला बोली म्हणणं मला पटत नाही. घेणं आणि विकणं इथे दोन्ही खालच्या पट्टीत: किंचित वर चढलं तर घेणं, सपाट राहिलं तर विकणं. माझं अजून दहातलं तीनदा चुकतं.

गेल्या आठवड्यात शांघायच्या एका ताईंकडे चाचणीचा तास घेतला. त्यांनी तीन शब्द म्हटले: पु म्हणजे कापड, फु म्हणजे दुकान, बु म्हणजे पाऊल. मँडरिनमध्ये कापड आणि पाऊल यांचा उच्चार एकच आहे. शांघायने श्वास मिसळलेला तो ब जपला. तिन्ही मला पहिल्या फटक्यात आले आणि त्या खूश झाल्या. मग मी घेणं आणि विकणं विचारलं. त्या म्हणाल्या, 'मा.' आणि दुसरं? पुन्हा 'मा', तोच टोन. मी चुकून ऐकलं असेल म्हणून परत विचारलं. नाही, दोन्ही एकच. विकून टाकलं म्हणायचं तर पुढे 'थ' लावायचा, आवाज गळ्यातच तोडून. पुढचे चार तास मी लगेच ठरवले, एकेक करून.