उंच जर्मन बिअर ग्लास: घ्यावा की नाही?

आधीच सांगून टाकतो, तुम्ही लागर, म्हणजे नेहमीची साधी बिअर, पिणारे असाल तर या ग्लासच्या नादी लागू नका. घरातला काचेचा साधा ग्लास पुरतो. हा बव्हेरियातला वाइत्सन ग्लास आहे आणि तो गव्हाच्या बिअरसाठीच आहे. वीतभराहून उंच, कमरेत बारीक, खांद्याला रुंद, बुडाला जाड काच. मी जोडी ऑनलाइन मागवली, इंदूरला न तडकता पोचली. इथंच अर्धे गुण देऊन टाकले.

पहिली गव्हाची बिअर आतेभावानं म्यूनिकहून आणलेली. हिच्यात निम्म्याहून कमी गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेला गहू) चालत नाही. यीस्ट गाळून काढत नाहीत, म्हणून रंग गढूळ. नाक ग्लासात घातलं की पिकलेलं केळं आणि मागून लवंग. आत दोन्ही नसतात, ती सगळी करामत यीस्टची. बव्हेरियाच्या १५१६च्या कायद्यात बिअरला जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच चालायचं, गव्हाला बंदी. पण गव्हाच्या बिअरचा मक्ता १६०२पासून खुद्द राजघराण्याकडं होता, आणि पैसा बक्कळ मिळायचा. मग कसली बंदी! पुढं १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर या बाहेरच्या माणसानं राजाकडून ती बनवायचा हक्क मिळवला.

ओतायची रीत आहे. ग्लास गार पाण्यानं विसळून ओलाच ठेवायचा, पार तिरपा धरायचा आणि बिअर काचेवरून हळूहळू घरंगळू द्यायची. बाटलीत दोन बोटं उरली की थांबायचं. बाटली गोल फिरवून तळाचा गाळ सोडवायचा आणि तो फेसावर ओतायचा. तोवर जवळपास स्वच्छ दिसणारी बिअर वरून खाली ढगाळत येते, आणि बुडाच्या बारीक नळीतून बुडबुड्यांची माळ चढत राहते. हे बघायलाच मी ग्लास घेतला म्हणा ना. चिअर्स करताना मात्र बुडाला बूड भिडवायचं, वरची काच पातळ असते.

काचेवर अर्ध्या लिटरची रेघ असते. बिअर रेघेपर्यंत, वरची जागा फेसाची. म्हणजे फेस मापात धरत नाहीत. विजयनगरकडच्या एका पबात हाच ग्लास मिळतो. तिथं रेघेच्या खाली बिअर, वर फेसाचा डोंगर आणि कडेला लिंबाची चकती. विचारलं तर, ‘भिया, फुल ही तो है.’ त्या लिंबानं फेस आणखी लवकर बसतो, ते वेगळंच.

आता त्रासाचं. तळापर्यंत हात जात नाही, बाटली घासायचा ब्रश लागतो. आमच्या मावशींनी एकदा पोह्यांच्या कढईच्याच घासणीनं धुतला, आणि दुसऱ्या दिवशी बोटभर फेस बघता बघता गायब. तेलाचा हलका हात लागला तरी फेस मरतो. आणि इंदूरला बिअरबरोबर लसूण शेव नको असं कोण म्हणणार? तेलकट ओठ लागले की ज्या बाजूनं प्यालो तिथला फेस फाटतो. मी शेव सोडलेली नाही.

आपली ६५० मिलीची बाटली यात फेसासकट मावत नाही, दोनदा ओतावी लागते. कॅन बरा. आयात बाटली घेणार असाल तर ‘क्रिस्टाल’ लिहिलेली गाळलेली असते, ती सोडून ‘हेफे’, म्हणजे यीस्ट असलेली, बघा. मे महिन्यात ग्लास फ्रीजरमध्ये ठेवायचा मोह होईल, पण बर्फगार ग्लासात केळ्याचा वास दबतो. बाटली सात-आठ अंशांवर आणा, ग्लास नळाखाली धरा, आणि लगेच ओता.