डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँडचा सेट, काही महिने वापरल्यावर (ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतंय त्यांनी वाचा)

गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं घड्याळासारखं मापयंत्र) चांगला आहे, स्टँड (त्याला धरून ठेवणारा मॅग्नेटचा आधार) भंगार आहे. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण हा सेट मी हौस म्हणून घेतलेला नाही, गॅरेजवाल्याशी वाजलं म्हणून घेतलाय.

गाडी पिकअप, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. ऐंशीच्या आसपास ब्रेक लावला की स्टेअरिंग हातात थडथडायचं, वेग उतरत गेला की थडथड पण संथ व्हायची आणि चाळीसच्या खाली गायब. गॅरेजमध्ये नेली तर गाडी जॅकवर चढायच्या आधीच निदान तयार, "साहेब, डिस्क बेंड झाल्यात, जोडी बदलावी लागेल." बदलली, पॅडसकट (ब्रेक लावला की डिस्कला दोन्हीकडून दाबतात ते). गाडी मस्त थांबायला लागली, मी पण खूश, आणि काही महिन्यांनी परत तेच. परत गेलो तर म्हणे तुम्ही ब्रेक फार दाबता. अहो, तो दाबायलाच दिलाय ना! आणि वॉरंटी मिळणार नाही कारण डिस्क "हीट झाल्यात", आता अजून एक जोडी घ्या. तिथे डोकं फिरलं. नवीन डिस्क काही महिन्यांत वाकते आणि एक माणूस ती मोजून बघत नाही? डिस्कच्या जोडीपेक्षा गेज बराच स्वस्त पडतो, म्हणून गेजच मागवला.

गेज लावायच्या आधी फुकटातल्या गोष्टी उरकून घ्या. ब्रेक न लावता सुद्धा थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर बघा. फक्त ब्रेकवर आणि स्टेअरिंगमध्ये येत असेल तर बहुतेक पुढचं काम, सीटखाली येत असेल तर मागचं. मागे ड्रम असतील तर मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, बेताच्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढायचा, झटक्यात नाही, नाहीतर मागची चाकं लॉक होतील. हादरा आला तर ड्रम. माझ्याकडे काहीच आलं नाही, म्हणजे पुढचंच. चाक जॅकवर घेऊन वरखाली आणि डावीउजवीकडे हलवून बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंडला प्ले (ढिलेपणा) आहे का ते पण पाहिलं, नव्हता. प्ले असला की बारीकशी थरथर पण स्टेअरिंगपर्यंत मोठी होऊन येते, त्यामुळे हे टाळू नका.

आता गेज. ०.०१ मिमीचा आहे, काट्याची एक फेरी म्हणजे १ मिमी. काटा स्वच्छ फिरतो, परत शून्यावर येतो, डायल फिरवून शून्य सेट करता येतो, तक्रार नाही. डिस्क मोजताना चाक काढलं की डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) नुसती लटकते, म्हणून नटांखाली जाड वॉशर घालून सगळे नट आवळायचे आणि मगच मोजायचं, नाहीतर जे रीडिंग येईल त्याला काही अर्थ नाही. टोक डिस्कच्या कडेपासून साधारण १० मिमी आत, पृष्ठभागाला काटकोनात. मग हाताने सावकाश एक फेरी. बऱ्याच गाड्यांना हबवर बसलेल्या डिस्कचा रनआउट (एका फेरीत ती आतबाहेर किती डुलते ते) ०.०५ मिमीच्या आसपासच चालतो, काहींना ०.१० पर्यंत, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

आणि इथे स्टँडने रडवलं. तो साप असतो ना वाकणारा, एका नॉबने आवळला की सगळा ताठ होतो, तसला हात आहे. दिसायला सोयीचा. पण नॉब आवळता आवळता काटा स्वतःच पाव फेरी फिरतो, आणि सोडून दिलं की हात थोडा थोडा खाली बसत राहतो. डाव्या डिस्कला पहिलं रीडिंग ०.१३, लगेच दुसरं ०.०९, मधे कशालाच हात लावलेला नाही. त्यात मॅग्नेटचा बेस गंजलेल्या, खडबडीत नकलवर (हब ज्यात बसतो तो लोखंडी भाग) नीट चिकटत नाही. सपाट घासलेल्या लोखंडावर हलत नाही हे खरं, पण चाकाच्या मागे सपाट लोखंड आहेच कुठे? बॉक्सवर मात्र गाडीच्या डिस्कचा फोटो छापलाय! त्या दिवशी लिहिलं असतं तर सरळ एक स्टार दिला असता.

मग कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आणि त्याचं ब्रॅकेट काढून त्याच बोल्टच्या भोकांत एक जाड लोखंडी पट्टी बोल्टने आवळली आणि बेस तिच्यावर बसवला. साप शक्य तेवढा आखूड वाकवला. आता रीडिंगवर विश्वास ठेवायचा की नाही याची एकच कसोटी, पूर्ण फेरी मारून सुरुवातीच्या खुणेवर आलो की काटा पण सुरुवातीच्याच आकड्यावर आला पाहिजे. नाही आला तर ते रीडिंग फेकून द्या. या पट्टीवर डावी बाजू दर वेळी ०.१२, उजवी ०.०४. म्हणजे भानगड डावीकडे.

डिस्क उतरवली आणि उत्तर समोर होतं. हबच्या फेसवर एका स्टडशेजारी (चाकाचा नट ज्यावर बसतो तो बोल्ट) नखाएवढा गंजाचा पापुद्रा, चांगला चेपून बसलेला, त्याच्याच वर नवीन डिस्क चढवलेली. हबचा फेस व्यासाने डिस्कच्या साधारण निम्मा असतो, म्हणून तिथे ०.०३ चा कचरा असला तर डिस्कच्या कडेला तो दुप्पट होऊन दिसतो. नुसत्या हबवर गेज लावला तर ०.०२, म्हणजे हब आणि बेअरिंग दोन्ही निर्दोष. वायर ब्रश आणि एमरी मारून फेस चकचकीत केला, डिस्कची आतली बाजू पण, परत मोजलं, ०.०७. मग डिस्क दोन भोकं पुढे फिरवून बसवली, ०.०४! डिस्कवर आणि स्टडवर खडूने खूण करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती परत कुठे बसेल सांगता येत नाही.

मग नवीन डिस्क सुरुवातीला छान आणि नंतर का थरथरली? तिरकी बसलेली डिस्क पहिल्या दिवशी त्रास देत नाही. ब्रेक न लावता गाडी चालली तरी प्रत्येक फेरीला डिस्कचा पुढे आलेला भाग पॅडला चाटून जातो आणि तेवढ्याच जागी झिजतो. काही हजार किलोमीटरनंतर डिस्क काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी पातळ. अशी डिस्क पॅडच्या चिमट्यात आली की ब्रेकचा जोर दर फेरीला कमीजास्त, आणि ऐंशीला पिकअपचं चाक सेकंदाला नऊएक फेऱ्या मारतं, तीच ती थडथड. जाडीतला ०.०१ ते ०.०२ मिमीचा फरक सुद्धा हाताला कळू शकतो. माझ्या डाव्या डिस्कला मायक्रोमीटरने फिरत फिरत आठ जागी मोजलं तर ०.०३ निघाला. व्हर्नियरने हे मोजायला जाऊ नका, त्याचे जबडे डिस्कच्या कडेला राहिलेल्या कंगोऱ्यावर टेकतात आणि सगळीकडे सारखीच जाडी दाखवतात.

त्यामुळे नुसता हब साफ करून भागलं नाही, थरथर अर्धी राहिलीच. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा भरपूर माल शिल्लक होता, म्हणून दोन्ही डिस्क लेथवर फेसिंग करून (बाजू सपाट कातून) आणल्या, परत खुणेवर बसवून गेज लावून पाहिला आणि मगच चाक चढवलं. डाव्या कॅलिपरची खालची स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) सुकलेली सापडली, ती पण साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं. तेव्हापासून घाट उतरताना सुद्धा स्टेअरिंग शांत. तीच डिस्क बरं का, जी "हीट" होऊन संपली होती.

एक भर नंतरची. टायर बदलायला दुसरीकडे गेलो तर तिथल्या पोराने गनने घर्रर्र करून नट एका बाजूने ओळीने आवळून टाकले. घरी येऊन सैल केले आणि टॉर्क रेंचने समोरासमोरचे, दोन टप्प्यांत परत आवळले. उगाच किरकिर वाटेल, पण वॉशर लावून डिस्क मोजत होतो तेव्हा मुद्दाम एक नट जास्त आवळून बघितला होता, काटा ०.०२ ने सरकला. आता गन हातात दिसली की मीच रेंच पुढे करतो, करू देत तोंडं वाकडी.

तर गेजला पाच स्टार, स्टँडला एक, तो पण मॅग्नेटचा ऑन-ऑफ खटका चांगला आहे म्हणून. वेगवेगळे मिळत असतील तर हाच गेज घ्या आणि स्टँड सरळ दांड्यांचा, बारीक ॲडजस्टमेंटचा स्क्रू असलेला बघा. ब्रेकची काळी भुकटी गेजच्या दांडीवर बसते, ती कोरड्या फडक्याने पुसायची, तेल अजिबात घालायचं नाही, धूळ चिकटून काटा अडकायला लागतो.