पार्किन्सन्सचा व्यायाम: घरी येणारा फिजिओ, गावातला योगवर्ग की मोबाइलवरचा गट?

चोपड्याच्या मावसबहिणीचा परवा फोन आला. तिच्या सासऱ्यांना दोन महिन्यांपूर्वी पार्किन्सन्स निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि "व्यायामाचा क्लास लावा" म्हणाले. कोणता, ते सांगायचं राहून गेलं. पुण्यात अशा माणसांसाठी नृत्याचे वर्गसुद्धा चालतात. आपल्या खान्देशात शोधत बसावं लागतं. माझ्या वडिलांच्या, नानांच्या, आजाराला अमळनेरला सहावं वर्ष चालू आहे आणि तेवढ्यात आम्ही तिन्ही प्रकार करून बसलोय. तिला सांगितलं तेच इथे जरा फोडून लिहितो.

या आजारात हालचाल आकसत जाते. पाऊल आखूड पडतं, आवाज खोल जातो. आमच्या लक्षात आलं ते बँकेत. नानांची सही जुन्या सहीशी जुळेना, इतकी बारीक झाली होती. म्हणून वर्ग कोणताही बघा, त्यात दोन गोष्टी हव्यात: मोठी ढांग, मोठा हात, मोठा आवाज असं मुद्दाम करून घेणं, आणि दम लागणं. नेदरलँड्समध्ये 130 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये आला. घरच्या घरी आठवड्यातून तीनदा, अर्धा ते पाऊण तास व्यायामाची सायकल चालवणाऱ्यांच्या हालचाली सहा महिन्यांत नुसते स्नायूंना ताण देणाऱ्यांपेक्षा कमी ढासळल्या. आजार बरा होत नाही, पण घाम वाया जात नाही.

घरी येणारा फिजिओ. सगळ्यात महाग, आणि सुरुवातीला सगळ्यात कामाचा, कारण तो तुमचं घर बघतो. नाना ओट्यावरून मधल्या घरात येताना उंबरठ्यापाशी थिजायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आम्ही हात धरून ओढायचो, आणि तेच चुकीचं होतं. ओढलं की माणूस पुढे कोसळतो. फिजिओने उंबरठ्याच्या अलीकडे फरशीवर पिवळ्या टेपच्या तीन पट्ट्या एकेका ढांगेच्या अंतराने चिकटवल्या आणि म्हणाला, "नाना, पट्टी ओलांडा. वखर हाकताना ढांग टाकायचे तशी टाका." नाना ओलांडून गेले. त्या दिवशी आईने त्याला जेवूनच पाठवलं. पलंगावर कूस कशी बदलायची, खुर्चीतून उठताना आधी पुढे कसं वाकायचं, हे त्यानेच शिकवलं. उणीव एवढीच की तो आला तर व्यायाम, नाही आला तर सुटी. आणि ठरवण्याआधी एक विचारून घ्या. काही ठिकाणी शेक आणि करंट लावून घरी पाठवतात. गुडघा दुखत असेल तर ते ठीक. पार्किन्सन्सचा व्यायाम तो नव्हे. पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे का, ते आधी बघा.

गावातला योगवर्ग. घराजवळ, जवळजवळ फुकट, आणि ओळखीची माणसं. नाना तिथे आनंदाने जायचे, हे मी कमी लेखत नाही. ओंकार आणि श्वासाचे प्रकार आवाजाला बरे. पण शिक्षकांसमोर चाळीस जण. एका पायावर उभं राहायची वेळ आली की ते सगळ्यांनाच उभं करणार. सतरंजीवर बसून उठणं हाच नानांना अर्ध्या तासाचा व्यायाम. या आजारात आणि त्याच्या गोळ्यांनी झटकन उठल्यावर रक्तदाबही उतरतो, त्यामुळे डोकं खाली घालून एकदम वर यायची आसनं नकोतच. शिक्षक खुर्चीवर करून घ्यायला तयार असतील, तर नव्याने निदान झालेल्या माणसाला हा वर्ग चालेल. तोल जात असेल तर नाही. तोलासाठी ताई ची हा चिनी प्रकार चांगला. अमेरिकेत 195 रुग्णांवर झालेल्या 2012 च्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा तो करणारे नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा कमी वेळा तोल जाऊन पडले. आपल्याकडे शिकवणारं मला कुणी सापडलं नाही.

मोबाइलवरचा गट. म्हणजे व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून करायचा व्यायाम. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ ही या कामातली जुनी नावं. मित्रमंडळाचं बोलणं मराठीत, म्हणून आईलाही समजतं. आधी नाना हसले, "मी काय पैलवान शे का?" मग पडद्यावर पाहिलं, तर समोरच्या प्रत्येकाच्या हातात चहाचा कप अर्धाच भरलेला. आमच्या घरीही तसाच भरतात, हात थरथरून सांडू नये म्हणून. त्या दिवसापासून ते पाहुण्यांसमोर हात खिशात घालेनासे झाले. हे ना फिजिओने झालं, ना योगवर्गाने.

अडचणी मात्र घरच्याच निघाल्या. आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. ती शहाबादीवर सरकली आणि नाना खाली बसले. नशीब, लागलं नाही. आता जड लाकडी खुर्ची, भिंतीला टेकवून, आणि मागे आई. शिकवणाऱ्याला मोबाइलच्या चौकटीत तोल कळत नाही, म्हणून घरात दुसरं माणूस नसेल तर हा वर्ग लावूच नका. वीज गेली तर? आम्ही मोठ्याने आकडे म्हणत, टाळ्या वाजवत तसंच चालू ठेवतो. आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांवर नानांची पावलं पट्ट्यांपेक्षाही सरळ पडतात, हे तेव्हाच कळलं.

वेळेचं मात्र तिन्हीकडे सारखंच. लेवोडोपाची, म्हणजे या आजाराच्या मुख्य औषधाची, गोळी चढलेली असतानाच व्यायाम. आमचा पहिला गट दुपारी चारचा होता. दोनची गोळी नानांना तोवर उतरायला लागायची आणि ते म्हणायचे क्लासने थकवा येतो. अकराचा गट मिळाला आणि तक्रार संपली. मे महिन्यात पारा 44 वर गेला की आम्ही सकाळी आठच्या आत उरकतो.

बहिणीला मी असं सुचवलं: पहिला महिना फिजिओ घरी, आठवड्यातून तीनदा, आणि तो जे करून घेईल त्याचं मोबाइलवर चित्रण. मग मोबाइलचा गट कायमचा, फिजिओ महिन्यातून एकदा. सासरे अजून पडलेले नाहीत, तोवर सकाळचा योगवर्गही चालू दे, पण खुर्चीवर. ते पडायला लागले असते, तर योगवर्ग मी यादीतून काढलाच असता. आणि गटाची वेळ गोळीशी जमत नसेल तर दुसरा गट शोध. डॉक्टरांना न विचारता गोळी पुढेमागे करू नकोस.