स्की नॉटिक २००१: एका मोसमानंतर, आणि एका पितळी व्हॉल्व्हविषयी जरा जास्तच

स्की नॉटिक २००१ ही पाण्यावर स्कीइंग करणाऱ्याला दोरीने ओढणारी बोट. नावातले २००१ हे साल नव्हे, मॉडेलचे नाव; १९८०च्या दशकातल्या या बोटीविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक खरे आहे. मधोमध बसवलेले फोर्डचे ३५१ घनइंची व्ही-८ इंजिन आणि स्कीअरच्या वाट्याला लाट कमी येऊ देणारा तळ, हे सारे तुम्हाला ठाऊक असेलच. मिशिगनमधल्या आमच्या तळ्यावर एक मोसम वापरल्यानंतर मला लिहायचे आहे ते पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावरच्या, बोटाच्या पेराएवढ्या अँटी-सायफन व्हॉल्व्हविषयी, म्हणजे टाकीतले पेट्रोल आपोआप बाहेर वाहू न देणाऱ्या झडपेविषयी.

धक्क्यापाशी इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होई आणि स्कीअरला पाण्यातून वर काढण्याइतका जोरही लावी. मात्र ताशी ३० मैलांच्या पुढे थ्रॉटल ढकलला की काही क्षणांतच ते गुदमरू लागे, दोरी सैल पडे आणि स्कीअर पाण्यात बसे. पुरुषांच्या स्लालममध्ये, म्हणजे तरंगत्या खुणांभोवती वळणे घेत स्की करण्याच्या प्रकारात, वेग ताशी ३६ मैलांपर्यंत जातो, त्यामुळे ज्या कामासाठी बोट घेतली तेच होत नव्हते.

जवळच्या वर्कशॉपने बोट न पाहताच फोनवर कार्ब्युरेटरचे निदान केले, तो उघडून नवा किट घातला आणि बिल हाती दिले. लक्षण तसूभरही बदलले नाही, तेव्हा त्यांनी कॉइलला, म्हणजे स्पार्क प्लगसाठी वीज पुरवणाऱ्या भागाला, दोष दिला. वास्तविक तापून बिघडणारी कॉइल थंड होईपर्यंत दगा देत राहते, आणि आमचे इंजिन तर थ्रॉटल मागे घेताच सावरत होते. पेट्रोल कमी पडत असल्याची ही सरळ खूण आहे, आणि तासाला पैसे घेणाऱ्याला ती दिसू नये याचा मला आजही राग येतो.

शेवटी आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेर टांगायच्या इंजिनाची) सुटी लाल टाकी नीट बांधून तिची नळी थेट फ्युएल पंपाला जोडली, तर बोट विनातक्रार ३६ला पोहोचली. दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये होता, आणि त्या वाटेवरचा फिल्टर स्वच्छ होता. व्हॉल्व्ह काढून पाहिला, तेव्हा आतल्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढलेला होता आणि पेट्रोलची वाट उघडणारी-मिटणारी गोळी जेमतेम केसभर सरकत होती. मंद गतीला तेवढी फट पुरते, पूर्ण जोरावर पुरत नाही. नवा व्हॉल्व्ह कार्ब्युरेटरच्या बिलावरील कराहूनही स्वस्त पडला.

गोळी ठोकून काढा आणि रिकामी पितळी नळी परत बसवा, असा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नये. टाकीपेक्षा खालच्या पातळीवर नळी फुटली, तर सायफनने पेट्रोल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, उतरत राहते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशीच साचते, आणि मग स्टार्टरची एक ठिणगी पुरते. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमांत सायफन रोखण्याची अट आहे ती याचसाठी. याच कारणाने, दिसायला सारखा आणि किमतीला निम्मा असणारा मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर या बोटीत बसवू नये. सागरी भागांची ठिणगी बाहेर पडू नये अशी बांधणी असते. एरवी मी पै-पैचा हिशेब करणारा माणूस आहे.

प्रत्येक स्पार्क प्लगला वेळेवर वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले जुने पॉइंट्स, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारे धातूचे संपर्क, तसेच ठेवावेत, हे माझे मत ऑगस्टपर्यंत टिकले. दमट सकाळी इंजिन सुरू होण्यास टाळाटाळ करू लागले आणि पॉइंट्सची फट पुनःपुन्हा जुळवण्याचा कंटाळा आला, तेव्हा त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक संच बसवला. जुनेपणाच्या शौकीनांनी नाके मुरडली तरी तो काढण्याचा माझा विचार नाही.

इंजिन तळ्याच्याच पाण्यावर थंड होत असल्याने हिवाळ्यात पाणी गोठण्यापूर्वी इंजिनाच्या ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) प्लग काढून पाणी सोडावे लागते, नाहीतर ब्लॉक तडकतो. प्लग काढूनही धार लागली नाही तर समाधान मानू नये, भोकात तार घालावी. आमच्या एका बाजूला गाळ इतका दाटला होता की तार फिरवल्यावरच पाणी आले. हे काम वर्कशॉपने पॅकेजमध्ये देऊ केले होते. कार्ब्युरेटरचे पैसे परत करायला नकार देणाऱ्यांकडे ते सोपवण्याचा प्रश्नच नव्हता.