ताऱ्यांची बेरीज: कॉलेज बास्केटबॉलच्या एका भरती-सेवेचे दोन मोसम

2023 च्या नोव्हेंबरात मी अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलच्या खेळाडू-भरतीची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाची वर्गणी भरली आणि त्यानंतरचे दोन पूर्ण मोसम ती चालू ठेवली. महिन्याला साधारण दहा डॉलर पडतात, वर्षाची एकदम भरली तर थोडे कमी. संकेतस्थळाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जी तक्रार करणार आहे ती या धंद्यातील बहुतेक सर्वांना लागू पडते. हायस्कूलच्या मुलांना तारे वाटायचे, त्या ताऱ्यांची बेरीज करून कॉलेजांची क्रमवारी लावायची आणि त्या क्रमवारीच्या जोरावर मार्चमधील बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेची आशा विकायची, हे सूत्र सगळीकडे तेच आहे.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. प्रत्येक खेळाडूच्या पानावर उंची, वजन, पसरलेल्या हातांची लांबी, सामन्यांची चित्रफीत आणि निरीक्षकाचे दोन-तीन परिच्छेदांचे टिपण असते. ही टिपणे लिहिणारी माणसे उन्हाळाभर व्यायामशाळांतून स्पर्धा पाहत हिंडलेली असतात आणि ते त्यांच्या लिहिण्यात दिसते. एका उंच फॉरवर्डबद्दल टिपणात म्हटले होते की बास्केटकडे पाठ करून चेंडू घेतला की तो नेहमी डाव्या खांद्यावरूनच वळतो, आणि दाबात आणले तरी ती सवय सुटत नाही. डिसेंबरात त्याचा सामना पाहिला तेव्हा पहिल्या अर्ध्यात तो चार वेळा वळला आणि चारही वेळा डावीकडे. चौथ्या वेळी प्रतिस्पर्धी तिथे आधीच उभा होता. अशा टिपणासाठी मी दहा डॉलर आनंदाने मोजेन.

मराठीत पंचतारांकित म्हटले की हॉटेल आठवते. त्या ताऱ्यांत आणि या ताऱ्यांत फरक एवढाच की हॉटेलला तारे मिळतात ते बांधून झाल्यावर, आणि या मुलांना ते सतराव्या वर्षीच, पाया भरला जात असताना लावले जातात. त्यामुळे चुका होणारच, आणि त्याबद्दल मी या सेवेला फारसा दोष देत नाही. 2023 साली केंटकी विद्यापीठात दाखल झालेला जस्टिन एडवर्ड्स देशभरच्या याद्यांत अगदी वर होता. वर्षभराने 2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत, त्याला कोणीच निवडले नाही. त्याच वर्षी, त्याच संघात आलेला रीड शेपर्ड यादीत त्याच्या बराच खाली होता, आणि ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला. एकेका माणसाचा अंदाज एवढा चुकू शकतो, हे मान्य करून पुढे जायला हवे.

माझी खरी तक्रार क्रमवारीच्या दुसऱ्या पानाशी आहे, जिथे कॉलेजांची यादी लागते. तिथे खेळाडूंच्या गुणांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज मोठी तो संघ वर, असा हिशेब असतो. केंटकीचा 2023 चा भरती-वर्ग या हिशेबाने देशात अव्वल होता. मी नवा वर्गणीदार, पानावरचा आकडा ताजा, म्हणून मार्च 2024 मध्ये माझ्या ब्रॅकेटवर (स्पर्धेच्या निकालांची भाकिते भरायच्या तक्त्यावर) केंटकीला अंतिम चारांत नेऊन बसवले. पहिल्याच सामन्यात तिसरे सीड, म्हणजे तिसरे मानांकन, असलेल्या केंटकीला चौदाव्या सीडच्या ओकलंडने 80-76 असे हरवले. ओकलंडच्या जॅक गोल्कीने बत्तीस गुण केले आणि तीन गुणांचे दहा शॉट घातले. गोल्की त्याआधी हिल्सडेल या द्वितीय श्रेणीच्या कॉलेजात खेळत होता. शाळेत असताना त्याच्या नावापुढे तारे शोधायला गेले असते तर पान कोरेच निघाले असते. त्या रात्री लक्षात राहिला तो गोल्कीपेक्षा केंटकीचा बचाव. गोल्की स्क्रीनच्या, म्हणजे वाटेत उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या, आडून सुटला की कोणी कोणाला धरायचे याबद्दल दोघांच्या मनात दोन वेगवेगळी उत्तरे असत, आणि ती एकमेकांना कळेपर्यंत चेंडू हातातून सुटलेला असे.

ही गोष्ट एका रात्रीच्या दुर्दैवाची नाही. 2005 च्या करारानुसार एनबीएने ड्राफ्टसाठी वयाची किमान मर्यादा एकोणीस वर्षे आणि हायस्कूलनंतर एक वर्ष अशी ठरवली, आणि तेव्हापासून सर्वांत गुणी मुले एका वर्षापुरती कॉलेजात येऊ लागली. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी केंटकीत या वाटेचा राजमार्ग केला. त्यांच्या 2010 च्या संघातील पाच खेळाडू ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत गेले. जॉन वॉल पहिल्या क्रमांकावर, डिमार्कस कझिन्स पाचव्या. तो संघ अंतिम चारांच्या उंबरठ्यावर वेस्ट व्हर्जिनियाकडून 73-66 असा हरला. वेस्ट व्हर्जिनियाने पहिल्या अर्ध्यात दोन गुणांचा एकही शॉट घातला नव्हता, आठ शॉट घातले ते सगळे तीन गुणांचे, तरीही मध्यंतराला ते पुढे होते, कारण त्यांनी एक-तीन-एकचा झोन (माणसाऐवजी जागा राखण्याचा बचाव) लावला होता आणि केंटकीला तो उलगडत नव्हता. केंटकीचे तीन गुणांचे पहिले वीस शॉट चुकले, आणि अखेर बत्तीसपैकी चार गेले. झोन फोडायला वेग किंवा उडी फारशी कामाला येत नाही. चेंडू मधल्या माणसाकडे केव्हा टाकायचा आणि तो टाकला की उरलेल्या तिघांनी कुठे सरकायचे, हे न बोलता कळावे लागते. नियमाने मोसमात सरावाला आठवड्याचे वीस तास मिळतात. उन्हाळ्यात पहिल्यांदा भेटलेल्या मुलांकडून मार्चपर्यंत हे कळणे अपेक्षित असते.

सेवेच्या बाजूने बोलणारे लगेच 2012 चे उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवे. त्या वर्षी कॅलिपारींच्या केंटकीने 38 सामने जिंकले, दोन हरले आणि विजेतेपद मिळवले. अँथनी डेव्हिस आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट हे दोघेही फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे, आणि तेच त्या वर्षीच्या ड्राफ्टमधील पहिले दोन. परंतु त्या संघाकडे जवळून पाहिले तर सेवेच्या हिशेबात न बसणारी गोष्ट सापडते. मोसमभरात शॉट घेण्यात हे दोघे आपल्याच संघात चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर होते. टेरेन्स जोन्स आणि डोरॉन लॅम्ब हे दुसऱ्या वर्षाचे खेळाडू अधिक शॉट घेत, आणि डॅरियस मिलर हा शेवटच्या वर्षाचा, सीनियर होता. कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात डेव्हिसचे दहापैकी नऊ शॉट चुकले, त्याने जेमतेम सहा गुण केले, तरी सोळा रिबाउंड आणि सहा ब्लॉक घेऊन तोच स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. देशातील सर्वांत मोठ्या नावाचा मुलगा अंतिम सामन्यात शॉट पडत नाहीत म्हणून चिडत नाही, आणि त्याचे सहकारी त्याला चेंडू देण्याचा अट्टहास करत नाहीत, ही गोष्ट ताऱ्यांच्या कोणत्या रकान्यात मांडणार?

ड्यूकचे 2015 चे विजेतेपदही असेच पाहायला हवे. जाहलील ओकाफोर आणि टायस जोन्स यांनी एकाच कॉलेजात जायचे हे आपसात आधीच ठरवले होते. जस्टिस विन्स्लोसह ते अमेरिकेच्या वयोगट संघात एकत्र खेळले होते. म्हणजे ज्यांना आपण नवे म्हणतो ते एकमेकांना नवे नव्हतेच. विस्कॉन्सिनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ड्यूक दुसऱ्या अर्ध्यात नऊ गुणांनी मागे असताना तारणहार झाला तो ग्रेसन ॲलन, जो मोसमभर बाकावरून थोडाच वेळ मैदानात येत असे. त्याने सोळा गुण केले, टायस जोन्सने तेवीस, आणि ड्यूकने सामना 68-63 असा जिंकला. याच विस्कॉन्सिनने दोन दिवस आधी 38-0 असलेल्या, म्हणजे एकही सामना न हरलेल्या, केंटकीला घरी पाठवले होते. कॅलिपारींच्या केंटकीतील पंधरा मोसमांचा एकूण जमाखर्च चार वेळा अंतिम चार आणि एक विजेतेपद असा आहे. वाईट मुळीच नाही. पण वर्षामागून वर्षे याद्यांच्या शेंड्यावर बसणाऱ्या संघाकडून पाने जे वचन देतात, त्याच्या मानाने कमी.

दुसऱ्या टोकाची उदाहरणे पटकन आटपतो. 2016 च्या ड्राफ्टमधील पहिला बेन सिमन्स एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) स्पर्धेत नेऊ शकला नाही. 2017 चा पहिला मार्केल फुल्ट्झ ज्या वॉशिंग्टन संघात होता तो नऊ सामने जिंकला आणि बावीस हरला. आणि माझ्या वर्गणीच्या दुसऱ्या मोसमात रटगर्सकडे डिलन हार्पर आणि एस बेली असे दोन हिरे होते, जे 2025 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर गेले. संघ पंधरा विजय आणि सतरा पराभवांवर थांबला.

आता या सेवेच्या ज्या भागाने मला सर्वांत अधिक दिले त्याकडे वळतो, आणि गंमत अशी की जाहिरातीत तो भाग शेवटी येतो. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी कॉलेज बदलल्यावर एक मोसम बाहेर बसण्याची सक्तीही एका बदलीपुरती गेली, आणि 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजे खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली. त्यामुळे ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, हीच खरी बाजारपेठ झाली आहे, आणि तिचा मागोवा ही सेवा फार नेटका ठेवते. कोण कुठून निघाला, किती वर्षे उरली, आधीच्या संघात किती मिनिटे खेळत होता, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. कनेटिकटच्या 2024 च्या विजेत्या संघातील ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायनातून आला होता, कॅम स्पेन्सर रटगर्समधून. त्यांच्यात स्टेफन कॅसल हा एकच नामांकित फ्रेशमन होता, आणि त्याला काम दिले होते प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम गार्डला (चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला) रोखण्याचे. पर्ड्यूविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी पर्ड्यूच्या झॅक ईडीला सदतीस गुण करू दिले, पण त्याला अडवायला कोणीही आपला माणूस सोडून धावले नाही. पर्ड्यूला तीन गुणांचे अवघे सात प्रयत्न मिळाले आणि त्यातला एक गेला. निकाल 75-60. सदतीस गुण होत असताना आपल्या जागेवरून न हलण्याचा संयम पाचही जणांना एकाच वेळी असणे, याला मी मेळ म्हणतो. (ईडी स्वतःही भरतीच्या यादीत शेकड्यांनी खाली होता, हे जाता जाता.)

2025 च्या विजेत्या फ्लोरिडाचेही तसेच. वॉल्टर क्लेटन आयोनातून, ॲलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून, विल रिचर्ड बेलमाँटमधून. शाळेच्या यादीत यांच्यासाठी कोणी रांग लावली नव्हती. उपांत्य सामन्यात चौतीस गुण करणारा क्लेटन अंतिम सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात एकही गुण करू शकला नाही. ह्यूस्टन दोनच गुणांनी मागे असताना अखेरच्या क्षणी इमॅन्युएल शार्प शॉटसाठी उडाला, समोर क्लेटन हात उंचावून धावत आलेला पाहून हवेतच विचार बदलला आणि चेंडू खाली सोडून दिला. पुन्हा स्पर्श केला तर नियमभंग, म्हणून तो नुसता पाहत राहिला आणि घड्याळ संपले. क्लेटनच्या त्या धावण्याला आकडेवारीत कुठे नोंद नसते.

अडचण अशी की पोर्टलच्या खेळाडूंनाही ही सेवा तेच तारे लावते आणि त्यांचीही बेरीज करून पुन्हा कॉलेजांची क्रमवारी काढते. चांगले चेंडू हाताळणारे तीन गार्ड एकाच संघाने घेतले की त्याचे गुण वाढतात, जरी मैदानावर चेंडू एकच असला. केन पॉमरॉय यांच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर मागील मोसमातील मिनिटांपैकी किती मिनिटे त्याच खेळाडूंकडे राहिली आणि संघाचा अनुभव किती, असे दोन साधे रकाने आहेत. तेवढे जरी इथे क्रमवारीशेजारी आणून ठेवले तरी वाचकाला निम्मी शहाणीव मिळेल.

उरलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. कोण कुठे जाणार याची भाकिते टक्केवारीसह येतात, पण मुलाने दोन दिवसांत मन बदलले की जुना आकडा निमूटपणे पुसला जातो आणि कोणी किती वेळा चुकले याचा हिशेब कुठेच राहत नाही. बाजारात तुरी असताना घरात भांडण लावण्याचाच हा प्रकार. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, आणि ती थांबवण्याचे बटण खात्याच्या चौथ्या पानावर आहे. चित्रफिती मोबाइलवर नीट चालतात.

2025 च्या मेमध्ये मी वार्षिक वर्गणी बंद केली. आता नोव्हेंबरात एक महिना भरतो, टिपणे वाचण्यासाठी, आणि वसंतात पोर्टल उघडले की आणखी एक. दोन्ही मिळून वीस डॉलर होतात. कॉलेजांच्या क्रमवारीचे पान मात्र उघडत नाही.