घरघंटी, आठ महिन्यांनंतर: वाकलेल्या दाराचा हिशोब

दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, कराडमधल्या एका मोठ्या दुकानातून घरघंटी, म्हणजे घरगुती पिठाची चक्की, घेतली. मशीनचे १६,५०० आणि दुसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली ३५०. एक एचपीची मोटर, जाळ्यांचा संच, आपोआप बंद होणं हे सगळीकडे सारखंच असतं, त्यावर लिहीत नाही. मला दाराबद्दल लिहायचंय.

सोमवारी दुपारी टेम्पो आला. खोका एका कोपऱ्यात चेपलेला होता आणि पट्टी सुटलेली होती. मी विचारलं, तर वर आणणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, आत थर्माकोल असतंय, काय होत नाही. खाली गाडी रस्त्यात उभी हाय, सही करा." मी सही केली. डिलिव्हरीच्या चलनावर आधीच छापलेलं होतं, 'माल सुस्थितीत मिळाला'. पोरं गेल्यावर सासूबाईंनी कात्री आणून दिली, खोका उघडला, तर दाराचा खालचा उजवा कोपरा आत दबलेला. बिजागरीजवळ बोटभर फट. तेव्हाच फोनवर फोटो काढले, खोक्याचेही काढले, आणि त्याच संध्याकाळी दुकानात कळवलं. "उद्या माणूस पाठवतो," म्हणाले.

माणूस पाच दिवसांनी आला, तोही कंपनीचा. त्याने फळी लावून दार ठोकलं, हाताने दाबून बघितलं आणि म्हणाला, "चालतंय की आता." चालत नव्हतं. दाराच्या कडेचं रबर त्या कोपऱ्यात टेकतच नव्हतं. मग म्हणाला, फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही, दुकानाशी बोला. मी त्याला एवढंच सांगितलं की जे दिसतंय ते जॉबशीटवर, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहा. त्याने लिहिलं: 'दार डिलिव्हरीत वाकलेले, रबर बसत नाही.' खाली सही आणि तारीख. त्या वेळी तो कागद मी फाइलला लावून ठेवला, पुढे तोच कामाला आला.

आता त्या फटीने काय होतं ते सांगते, कारण दुकानदार तिला 'थोडासा डेंट' म्हणत राहिला. गहू दळून झाले की दाराच्या बरोबर खाली फरशीवर पांढरी रेघ उमटायची. वीतभर लांब, डावीकडे बारीक, उजवीकडे जाड. एकदा दहा किलो गव्हानंतर ती सुपलीत भरून वजनकाट्यावर ठेवली, १४० ग्रॅम भरली. फरशीवरचं पीठ कणकेत घालता येत नाही. संध्याकाळपर्यंत तिथे मुंग्यांची रांग लागायची. आणि याहून वाईट म्हणजे स्विच. दार उघडलं की मोटर बंद व्हावी म्हणून आत स्विच असतो, आणि ते योग्यच आहे. पण दार नीट दाबून बसत नसल्यामुळे हादऱ्याने तो स्विच सुटायचा आणि दळण मध्येच थांबायचं. चक्कीत अडकलेलं धान्य काढल्याशिवाय मोटर पुन्हा ओढत नाही. म्हणजे दार उघडा, जाळी काढा, हाताने उपसा, पुन्हा लावा. एका दळणात तीन तीन वेळा. दिवाळीची भाजणी शेवटी मी डब्यात भरून पेठेतल्या गिरणीतच नेली. नवं मशीन घरात असताना.

दुकानाचं म्हणणं एकच, तुम्ही सही केलीय. कंपनीचं म्हणणं, माल आमच्याकडून चांगला गेलाय. दोघांच्या मध्ये मी नोव्हेंबर आणि डिसेंबर घालवला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मराठीत बोलता आलं, तक्रारीचा क्रमांक मिळाला. दुकानाने तिथेही उत्तर दिलं की कंपनीशी बोला. हेल्पलाइन तक्रार पुढे पाठवते, पाठपुरावा करते, पण आदेश देऊ शकत नाही, हे माहीत असू द्या. माझं आजचं मत: मशीनला पाचपैकी दोन, दुकानाला शून्य.

इथपर्यंतचं जानेवारीत लिहून ठेवलं होतं. रागात लिहिलंय, पण खोटं एक अक्षर नाही, म्हणून तसंच ठेवते. आता जूनमध्ये पुढचं लिहिते.

जानेवारीच्या शेवटी मी दुकानाला स्पीड पोस्टने नोटीस पाठवली. वकील केला नाही. साध्या मराठीत दीड पान: काय घेतलं, कधी आलं, काय मोडलं, कधी कळवलं, काय हवंय, आणि पंधरा दिवसांची मुदत. सोबत बिल, चलन, फोटो आणि जॉबशीटच्या झेरॉक्स. त्यात दोन गोष्टी ठळक केल्या. एक, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. माझ्या बिलावर मुदत नव्हती आणि मी पहिल्याच दिवशी कळवलं होतं. दुसरी, माझी सही खोका मिळाल्याची आहे. बंद खोक्यातलं दार कसं आहे हे मला सही करताना दिसणं शक्यच नव्हतं, आणि ते कसं होतं हे कंपनीच्याच माणसाने लिहून दिलंय. पैसे मी दुकानाला दिले, बिल दुकानाचं, टेम्पो दुकानाचा. मग मी कंपनीच्या मागे का फिरू?

शेवटच्या ओळीत लिहिलं की नाहीतर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ही पोकळ धमकी नव्हती, मी सगळी माहिती काढली होती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकिलाची सक्ती नाही, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते.

बाराव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. चार महिने मला 'मॅडम, बघतो' म्हणणारा माणूस "ताई, आधी सांगायचं ना" म्हणाला. मी त्यांना सात फोनच्या तारखा वाचून दाखवल्या. फेब्रुवारीत नवीन दार आलं, नव्या रबरासकट. रंग किंचित पिवळसर आहे, बाकी मशीन पांढरं. मी ते चालवून घेतलं, कारण दार बसतं. बंद करताना 'टक्' असा एकच आवाज येतो. पहिल्या दळणानंतर मी गुडघ्यावर बसून फरशीवरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही.

त्यामुळे मशीनबद्दलचं माझं मत बदललंय. फेब्रुवारीपासून एकदाही दळण मध्ये थांबलं नाही. गहू, ज्वारी, तांदूळ उत्तम. हरभरा डाळीचं पीठ गरम निघतं, म्हणून दीड-दोन किलोच्या वर एका वेळी घालत नाही. आवाज मोठा आहे, रात्री आठनंतर लावत नाही, खाली लहान बाळ आहे. विजेचं फारसं मनावर घेऊ नका, तासाला पाऊण युनिटच्या आसपास.

पण पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर हिशोब करा. आमच्या गिरणीत किलोला ७ रुपये. महिन्याला २५ किलो, म्हणजे १७५. मशीनचे पैसे वसूल व्हायला जवळजवळ आठ वर्षं, वीज वेगळी. मी घेतली ती सासूबाईंच्या उपवासाच्या भाजणीसाठी. गिरणीत आधीच्या माणसाचा गहू चक्कीत उरलेला असतो, आणि राजगिरा-वरीत तो मिसळला की त्या ते पीठ घेत नाहीत. एकादशीच्या आदल्या दिवशी चक्की पुसून त्यांनी स्वतः भाजणी दळली. जिना उतरायला नको, कुणाला विनवायला नको. त्यासाठी मला १६,५०० जास्त वाटत नाहीत.

आणखी एक मत बदललं. मी सगळ्यांना सांगायचे, जड वस्तू दुकानातूनच घ्या, माणूस ओळखीचा असतो. पिंपरीच्या नणंदेने मिक्सर ऑनलाइन मागवला, भांडं फुटकं निघालं, तिने खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवला आणि आठवड्यात नवीन आलं. ऑनलाइनवाल्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्यात निवारण करावं लागतं. मला ओळखीच्या माणसाने चार महिने फिरवलं. आता कुठूनही घेतलं तरी मी खोका दारातच उघडणार, आणि टेम्पो थांबत नसेल तर चलनावर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिणार: 'खोका चेपलेला, आत तपासलेले नाही.'

आज मशीनला चार, दुकानाला एक. तो एक दार दिल्याचा. नोटिशीत मी हमालीचे ३५० रुपयेही मागितले होते, कारण मोडका माल वर चढवायचे पैसे मी का द्यावेत? मॅनेजर म्हणाले, "ताई, ते सोडा आता." मी सोडलेले नाहीत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे माझ्याकडे ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ आहे, आणि फाइल कपाटात वरच ठेवली आहे.